प्रत्ययांना पाय फुटतात तेव्हा : प्रस्तावना

१५ जुलै १९२६ रोजी मुंबईत अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस धावली. १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला पहिली एसटी सुटली. आज बसथांबा, बसभाडं, बसपास हे शब्द आपण इतक्या सहज वापरतो की 'बस' परका आहे हे कुणाला आठवतही नाही. पण या शब्दाची खरी गंमत त्याच्या परकेपणात नाही. 'बस' हा मुळात शब्दच नाही, तो नुसता विभक्तीचा प्रत्यय आहे. लॅटिनमध्ये 'ऑम्निस' म्हणजे सर्व. त्याचं चतुर्थीचं अनेकवचन 'ऑम्निबुस', म्हणजे सर्वांसाठी. १८२०च्या दशकात फ्रान्समध्ये भाडं देईल त्याला बसू देणाऱ्या घोडागाड्या निघाल्या, त्यांना हे नाव पडलं. १८२९ मध्ये जॉर्ज शिलिबीअर यांनी लंडनमध्ये पॅडिंग्टन ते बँक अशी तीन घोड्यांची गाडी सुरू केली, तिच्या अंगावर 'ऑम्निबस' असं ठळक रंगवलेलं होतं. पुढं रोजच्या बोलण्यात 'ऑम्नि' गळून पडलं. 'सर्वांसाठी'मधले 'सर्व' गेले, 'साठी' तेवढं उरलं आणि ते रस्त्यावरून धावू लागलं.

शाळेत घोकलेलं आता आठवून पाहा : रामाय, रामाभ्याम्, रामेभ्यः. शेवटच्या रूपातल्या 'भ्यः'मधला 'य' सोडला, तर तो आणि लॅटिनचा 'बुस' एकाच मूळ प्रत्ययाचे वंशज आहेत. विभक्तीही तीच, वचनही तेच. संस्कृत व्याकरणाच्या तक्त्यातला एक रकाना आणि एसटी स्टँडवरची लाल गाडी यांचं असं जवळचं नातं आहे.

हे पुस्तक इंग्रजी शब्दांच्या अशा मागच्या टोकांविषयी आहे. व्युत्पत्ती म्हटलं की आपलं लक्ष धातूकडे जातं, प्रत्ययाकडे जात नाही. शाळेतही प्रत्यय तक्त्यात येतात : 'नेस' लावला की भाववाचक नाम, 'ली' लावला की क्रियाविशेषण. पाठ करायचे आणि विसरायचे. माझं म्हणणं वेगळं आहे. भाषा बोलणाऱ्यांनी काय झिजवलं, काय चुकीच्या जागी तोडलं, परक्याकडून काय उचललं आणि कशाला आपलंसं केलं, याचा सगळ्यात बोलका पुरावा शब्दाच्या शेवटाशी सापडतो. कारण तिथं कुणाचं लक्ष नसतं.

'फ्रेंडली'तला 'ली' घ्या. जुन्या इंग्रजीत 'लीच' म्हणजे देह. 'मित्राच्या देहाचा', म्हणजे मित्रासारखा दिसणारा, मित्रासारखा वागणारा. हजारएक वर्षांत त्याचा उच्चार झिजला, देह हा अर्थ पुसला गेला आणि एक अक्षर उरलं. पण देह पूर्ण नाहीसा झालेला नाही. इंग्लंडच्या जुन्या गावांत चर्चच्या आवाराला छप्पर असलेलं फाटक दिसतं, त्याला 'लिचगेट' म्हणतात. अंत्ययात्रा या फाटकाशी थांबायची, आणि पाद्री येईपर्यंत शव त्या छपराखाली टेकवून ठेवायचे. तो 'लिच' म्हणजे हाच देह. जर्मन भाषेत 'लाइखं' म्हणजे आजही प्रेत. 'लाइक' म्हणजे 'सारखा' हाही याच घरातला. इतकंच काय, 'कोणता' या अर्थाचा 'विच' हासुद्धा 'कोणत्या देहाचा' अशा जोडशब्दातून घडलेला आहे. पत्राखाली 'सिन्सिअरली' लिहून सही करताना आपण एका प्राचीन देहाचं टोक कागदावर ठेवत असतो.

'किंग्डम', 'फ्रीडम' यांतला 'डम' एकेकाळी न्यायनिवाडा या अर्थाचा स्वतंत्र शब्द होता. विल्यम राजाने १०८६ मध्ये जमिनींची मोजदाद करून घेतली, त्या दप्तराला लोकांनी 'डूम्सडे'चं, म्हणजे अखेरच्या निवाड्याच्या दिवसाचं नाव दिलं, कारण त्यात लिहिलेल्यावर अपील नव्हतं. या 'डूम'च्या मुळाशी 'ठेवणे, प्रस्थापित करणे' असा धातू आहे, संस्कृतातला 'धा'. ज्या 'धा'पासून आपलं 'धाम' झालं, त्याच्याच इंग्रजी भावंडापासून 'किंग्डम'चा शेवट झाला. 'चाइल्डहूड'मधला 'हूड'ही पूर्वी स्वतंत्र होता. त्याचा अर्थ दर्जा किंवा अवस्था, आणि त्याचं नातं अभ्यासक संस्कृत 'केतु'शी, म्हणजे तेजस्वी खुणेशी लावतात.

'स्टर' या प्रत्ययाचं नशीब सगळ्यात विचित्र. 'गँगस्टर' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पुरुष येतो. पण जुन्या इंग्रजीत हा प्रत्यय काम करणाऱ्या बाईचा होता. कापड विणणारी ती 'वेब्स्टर', भट्टी लावणारी 'बॅक्स्टर', बिअर काढणारी 'ब्रूस्टर', सूत कातणारी 'स्पिन्स्टर'. पुढं ही कामं पुरुषांच्या हाती गेली, मग नावंही त्यांच्याकडे गेली आणि आडनावं बनली. नोआ वेब्स्टर या थोर अमेरिकन कोशकाराच्या आडनावात एक विणकरीण आहे. एकटा 'स्पिन्स्टर' बायकांकडे राहिला, कारण कातकाम हे अविवाहित बाईचं पोट भरण्याचं साधन होतं. सतराव्या शतकापर्यंत तो कायद्याच्या कागदांत 'अविवाहिता' या अर्थाने रूढ झाला, आणि नंतर त्याला हिणवण्याचा वास लागला. कामाचं नाव गेलं आणि नवरा नसल्याचं लेबल उरलं. या प्रत्ययाचं प्रकरण लिहिताना मला राग आला होता, आणि तो मी लपवलेला नाही.

असे झिजलेले शब्द मराठीतही आहेत. 'गोपाल'चा 'गवळी' झाला तेव्हा 'पाल'चं काय झालं ते पाहा. परके प्रत्ययही आपण घेतले. 'भांड' आपलं, 'खोर' फारसी, आणि 'भांडखोर' अस्सल मराठी. इंग्रजीने हेच फ्रेंचांच्या राजवटीनंतर केलं. 'एबल' फ्रेंच, पण तो 'ईट' आणि 'ड्रिंक' या शेतकऱ्यांच्या क्रियापदांना जाऊन चिकटला.

आता एका धोक्याविषयी. 'बस' आणि 'भ्यः' यांचं नातं सांगितलं की काही वाचकांना उत्साह येतो आणि प्रत्येक इंग्रजी शब्दात संस्कृत दिसू लागतं. तसं होऊ नये म्हणून इथं थोडं सविस्तर लिहितो. २ फेब्रुवारी १७८६ रोजी सर विल्यम जोन्स यांनी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एका लुप्त भाषेच्या मुली असाव्यात असं मांडलं. पण त्या मांडणीला शास्त्राचं बळ आलं ते नियमांमुळे. याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये दाखवलं की या भाषांमधले ध्वनी मनमानी बदलत नाहीत. संस्कृतात 'द' असेल तिथं इंग्रजीत 'ट' येतो : दश आणि टेन, द्वि आणि टू, दंत आणि टूथ. शब्दाच्या मध्ये असलेल्या 'भ'च्या जागी लॅटिनमध्ये 'ब' येतो : नभस् आणि नेबुला, उभ आणि अंबो. 'भ्यः' आणि 'बुस' या नियमात बसतात, म्हणून ते नातं खरं.

याच कसोटीवर 'दिन' आणि 'डे' लावून पाहा. दिसायला जुळे, अर्थ एकच. पण नियमाप्रमाणे 'द'चा इंग्रजीत 'ट' व्हायला हवा, इथं 'ड' आहे. म्हणजे नातं नाही. 'डे' वेगळ्याच मुळाचा आहे आणि हे साम्य निव्वळ योगायोगाचं. मग 'दिन'च्या कुळातलं इंग्रजीत कुणीच नाही का? आहे, आणि ते 'ट'नेच सुरू होतं. 'ट्यूज्डे' हा 'टिऊ' नावाच्या जुन्या जर्मानिक दैवताचा वार. हा 'टिऊ' म्हणजे आपला 'देव'. ज्या 'प्रकाशणे' या मुळातून दिवस, दिन आणि देव निघाले, त्यातूनच तो निघाला. म्हणजे 'ट्यूज्डे'च्या शेवटातला 'डे' आपला कुणी नाही, आणि डोळ्यांना अजिबात ओळखू न येणारा पुढचा भाग मात्र सख्खा आहे. कानाला जे सारखं वाटतं त्यावर विसंबू नये ते यासाठी.

मुंबईशी जोडलेली अशीच एक खोटी व्युत्पत्ती जगभर फिरते. 'पॉश' हा शब्द म्हणे बोटीच्या तिकिटावरच्या शिक्क्यातून आला. इंग्लंडहून मुंबईला येताना डाव्या बाजूची आणि परतताना उजव्या बाजूची खोली सावलीत असते, श्रीमंत प्रवासी ती मागत आणि 'जाताना डावी, परतताना उजवी' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं तिकिटावर उमटत. गोष्ट फार देखणी आहे. पण असं एकही तिकीट कधी कुणाला सापडलेलं नाही. आद्याक्षरांतून शब्द घडवण्याची सवय इंग्रजीत मुख्यतः विसाव्या शतकातली आहे, त्यामुळे जुन्या शब्दाची अशी फोड कुणी सांगितली की सावध व्हावं.

शब्द झिजून प्रत्यय होतो, तसा शब्द चुकीच्या जागी तुटूनही प्रत्यय होतो. १८६१ मध्ये पाँतों दामेकूर या फ्रेंच गृहस्थांनी 'हेलिकॉप्टर' हे नाव घडवलं. ग्रीक 'हेलिक' म्हणजे मळसूत्र, 'प्टेरॉन' म्हणजे पंख. हा 'प्टेरॉन' आपल्या 'पत्र' शब्दाचा नातलग, कारण संस्कृतात 'पत्र' म्हणजे आधी पंख आणि मग पान. खरी फोड 'हेलिको-प्टर' अशी आहे. पण 'प्ट'ने सुरू होणारा उच्चार इंग्रजी जिभेला जमत नाही, म्हणून लोकांनी तो 'हेलि-कॉप्टर' असा तोडला. मग 'हेलिपॅड' झालं, 'हेलिपोर्ट' झालं. मळसूत्राचा अर्धा तुकडा एकीकडे राहिला, उरलेला पंखाला चिकटून दुसरीकडे गेला, आणि दोन्ही तुकडे कामाला लागले.

'हॅम्बर्गर'ची कथा बहुतेकांना माहीत असते. हॅम्बुर्ग शहराचा तो हॅम्बर्गर, त्यातला 'बुर्ग' म्हणजे तटबंदीचं गाव. पण 'हॅम' म्हणजे डुकराचं मांस हे माहीत असलेल्यांनी 'बर्गर' सुटा केला, आणि आज आपण व्हेज बर्गर मागतो. 'वर्काहोलिक'मध्ये तर अरबी शब्दाचे हाल झाले आहेत. 'अल-कुहल' म्हणजे डोळ्यांत घालायचा सुरमा. सूक्ष्म पूड, मग अर्क, मग मद्य असा त्याचा प्रवास झाला. वेन ओट्स यांच्या १९७१ च्या पुस्तकाने कामाचं व्यसन लागलेल्या माणसाला हा शब्द मिळवून दिला, तेव्हा 'अल'चा 'ल'सुद्धा जागेवर राहिला नाही.

कधी तोडणं उलट्या बाजूने होतं. क्रिकेटमधला 'अंपायर' मुळात 'नंपेअर' असा काहीसा होता, जुन्या फ्रेंचमधून आलेला. 'नॉन-पेअर', म्हणजे ज्याला जोडी नाही असा तिसरा माणूस, दोघांच्या भांडणात न पडणारा. त्याच्या आधी 'अ' हे उपपद लागायचं. 'अ नंपेअर' ऐकता ऐकता 'अन अंपेअर' झालं आणि 'न' उपपदाला जाऊन मिळाला. 'ऑरेंज'चंही असंच. संस्कृत 'नारंग', फारसी 'नारंग', अरबी 'नारंज', पण इंग्रजीत पोचायच्या आधीच वाटेत त्याचा 'न' गळाला होता.

काही प्रत्ययांचा जन्मदिवस सांगता येतो. १७ जून १९७२ च्या पहाटे वॉशिंग्टनमधल्या वॉटरगेट इमारतीत डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयात शिरलेल्या पाच जणांना पकडलं. दोन वर्षांनी, ऑगस्ट १९७४ मध्ये, अध्यक्ष निक्सन यांना पद सोडावं लागलं. 'गेट'चा घोटाळ्याशी काडीचाही संबंध नव्हता, तो इमारतीच्या नावातला दरवाजा होता. पण पत्रकार विल्यम सफायर यांनी एकामागून एक प्रकरणांना तो जोडला आणि बातम्यांच्या भाषेला नवा प्रत्यय मिळाला. २०१२ साली कोळसा खाणवाटपाचं प्रकरण गाजलं तेव्हा आपल्याकडच्या इंग्रजी वर्तमानपत्रांनी त्याला 'कोलगेट' म्हटलं आणि कुणालाही समजावून सांगावं लागलं नाही. ४ ऑक्टोबर १९५७ ला सोव्हिएत 'स्पुटनिक' आकाशात गेला. रशियन भाषेत 'पुत' म्हणजे वाट, आपला 'पंथ', आणि पूर्ण शब्दाचा अर्थ सहप्रवासी. पुढच्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोचे स्तंभलेखक हर्ब केन यांनी त्याचं शेवटचं टोक काढून 'बीटनिक' घडवला.

सगळ्यांत ताजं टोक 'बॉट'. कारेल चापेक यांच्या १९२० च्या नाटकात 'रोबोट' आला, तो त्यांचे भाऊ योसेफ यांनी सुचवला. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे वेठबिगारी. त्याचं मूळ 'अनाथ, हतबल' या अर्थाचं आहे, 'ऑर्फन' आणि संस्कृत 'अर्भ' त्याच कुळातले. आज 'चॅटबॉट' म्हणताना शब्द मधोमध कापला जातो आणि वेठीला धरलेल्या माणसाची शेवटची खूणही निघून जाते.

प्रत्यय शस्त्रासारखाही वापरला गेला आहे. मताधिकार मागणाऱ्यांना 'सफ्रजिस्ट' म्हणत. १९०६ मध्ये 'डेली मेल'च्या चार्ल्स हँड्स यांनी एमेलिन पँकहर्स्ट यांच्या संघटनेतल्या आक्रमक स्त्रियांना 'सफ्रजेट' म्हटलं. 'एट' हा फ्रेंचमधून आलेला लहानपणाचा प्रत्यय, 'सिगरेट' म्हणजे छोटा सिगार. हेतू उघड होता : या बाया, यांचं ते चिमुकलं आंदोलन. त्या स्त्रियांनी शब्द नाकारला नाही. उलट १९१२ मध्ये क्रिस्टाबेल पँकहर्स्ट यांनी आपल्या वृत्तपत्राचं नावच 'द सफ्रजेट' ठेवलं. १९१८ मध्ये तिशी ओलांडलेल्या काही स्त्रियांना आणि १९२८ मध्ये पुरुषांच्या बरोबरीने सर्व स्त्रियांना ब्रिटनमध्ये मत मिळालं. हिणवण्यासाठी जोडलेला प्रत्यय इतका ताठ मानेने मिरवलेला मला दुसरा माहीत नाही.

लहानपण दाखवणाऱ्या प्रत्ययांना या पुस्तकात मी सगळ्यांत जास्त पानं दिली आहेत, कारण शरीरशास्त्र आणि गणित यांच्यात ते लपून बसले आहेत. लॅटिनमध्ये 'मुस' म्हणजे उंदीर, आपला मूषक. 'मुस्कुलुस' म्हणजे छोटा उंदीर, त्यापासून 'मसल'. दंड वाकवून मूठ आवळली की कातडीखाली काहीतरी टुणकन वर येतं. रोमनांना त्यात उंदीर दिसला, आपल्या लोकांना बेडूक, म्हणून आपण तिला बेटकुळी म्हणतो. 'पूपा' म्हणजे बाहुली, 'पूपिल्ला' म्हणजे छोटी बाहुली, त्यापासून डोळ्याचा 'प्युपिल'. समोरच्याच्या डोळ्यात आपली इवली प्रतिमा दिसते तिथून हे नाव आलं, आणि मराठीतही डोळ्यात बाहुलीच असते. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'रीनल कॅल्क्युलस' असं छापलेलं असतं आणि डॉक्टर मुतखडा म्हणून सांगतात. 'कॅल्क्युलुस' म्हणजे खरोखरच छोटा खडा. रोमन लोक खडे मांडून हिशेब करत, म्हणून अकरावी-बारावीला छळणारी गणिताची शाखा आणि मूत्रपिंडातला खडा यांचं नाव एक.

आपल्या प्रदेशातून इंग्रजीत गेलेल्या शब्दांचं प्रकरण शेवटी आहे, आणि तिथंही नजर टोकावरच ठेवली आहे. मराठी 'मुंगूस' इंग्रजीत 'मंगूस' झाला, पण त्याच्या शेवटात इंग्रजी कानाला 'गूस' म्हणजे हंस ऐकू आला, आणि अनेकवचन काय करायचं यावर लोक अजून अडखळतात. 'जिमखाना' हा बहुधा 'गेंदखाना'. 'जिम्नॅस्टिक्स'च्या ओढीने त्याचं तोंड बदललं, 'खाना' हे फारसी टोक तसंच राहिलं. १८७५ चा बॉम्बे जिमखाना आणि १९०६ चा डेक्कन जिमखाना यांनी ते आपल्याकडे पक्कं केलं. ब्रिटनमध्ये त्याच शब्दाचा अर्थ मुलांच्या घोडेस्वारीच्या शर्यती असा झाला. 'सेरेंडिपिटी' होरेस वॉल्पोल यांनी २८ जानेवारी १७५४ च्या पत्रात घडवला, सेरेंडिपच्या तीन राजपुत्रांच्या कथेवरून. सेरेंडिप म्हणजे सिंहलद्वीप. त्या 'द्वीप'ला लॅटिन 'इटी' लागला, ज्याचा नातेवाईक वैदिक 'सर्वताति'मधला 'ताति' आहे.

पण मला सर्वांत जवळचा वाटतो तो नाशिकजवळच्या देवळालीचा शब्द. मुदत संपलेल्या गोऱ्या सोल्जरांना मायदेशी पाठवण्याआधी देवळालीच्या छावणीत आणून ठेवत. सैनिकांच्या बोटी थंडीच्या मोसमातच सुटत. मोसमाची शेवटची बोट चुकली की पुढच्या बोटीपर्यंत अख्खा उन्हाळा आणि पावसाळा तिथंच काढायचा. कवायत नाही, काम नाही, हाताशी दारू आणि घराची ओढ. कित्येकांचं डोकं फिरे. फ्रँक रिचर्ड्स या साध्या शिपायाने १९३६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हिंदुस्थानातल्या आठवणींत या अवस्थेविषयी लिहिलं आहे. सोल्जर तिला 'डूलॅली टॅप' म्हणत. डूलॅली म्हणजे देवळाली आणि टॅप म्हणजे आपला ताप. पुढं 'ताप' गळला, 'डूलॅली' उरला, आणि देवळाली कुठं आहे हे ठाऊक नसलेले इंग्रजही तो डोकं फिरलेल्या माणसाला लावू लागले. तो तिथं टिकला त्याचं एक कारण मला त्याच्या शेवटात दिसतं : 'टोटली', 'रिअली' यांच्या रांगेत तो घरच्यासारखा ऐकू येतो. ज्या गावी मुंबईची माणसं चांगल्या हवेसाठी जात आली, त्याच्या नावाने परदेशात वेडाला शब्द दिला, आणि त्या शब्दामागे घरी जायची वाट पाहत अडकलेली गरीब घरची तरुण पोरं आहेत. विनोदी म्हणून हा शब्द सांगितला जातो तेव्हा ती पोरं विसरली जातात, म्हणून ते प्रकरण थोडं लांबलं आहे.

पुस्तक क्रमाने वाचलं पाहिजे असं नाही. ध्वनिनियमांचं दुसरं प्रकरण मात्र आधी वाचावं, कारण पुढची सगळी नाती त्याच्या आधाराने जोडली आहेत. रसायनशास्त्रातले आणि औषधांच्या नावांतले प्रत्यय घेतलेले नाहीत, ते समितीत बसून ठरवलेले असतात आणि त्यांचा रस वेगळा आहे. जिथं अभ्यासकांत एकमत नाही तिथं तसं लिहिलं आहे, आणि 'पॉश'सारख्या कथा कितीही रंगतदार असल्या तरी त्या खोट्या म्हणूनच दिल्या आहेत.